कागदाच्या पट्टीवरचा वास

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला मी सगळं सांगतो, म्हणजे नव्या बाटलीची खरी किंमत सोडून सगळं. लाजेपोटी गप्प राहिलो असं म्हणायला बरं वाटेल. पण खरं सांगू? मला नक्की काय सांगायचंय हेच कळत नव्हतं. अजूनही नीट कळलंय असं नाही. तरी सांगतो. मध्येच अडखळलो तर सांभाळून घ्या.

मला परफ्यूमचं वेड आहे. कोथरूडच्या आमच्या फ्लॅटमध्ये कपाटाचा एक अख्खा खण बाटल्यांनी भरलाय. एक महागडी परदेशी बाटली, तिची निम्म्याहून कमी पैशात मिळणारी नक्कल, कोणाच्या तरी मेव्हण्याने दुबईहून आणलेला ऊद, पेठेतल्या अत्तरवाल्याची खस. सगळ्यांना मी शेजारी शेजारी मांडतो आणि तेच तीन प्रश्न विचारतो — वास कसा, टिकतो किती, पैसे वसूल होतात का? हडपसरच्या आमच्या ऑफिसात यावरून माझी यथेच्छ टिंगल होते. पण काही विकत घ्यायचं झालं की तीच टिंगल करणारी मंडळी गुपचूप माझ्या खुर्चीशी येतात. गर्व आहे मला या नाकाचा. हसा हवं तर.

आता माझी पद्धत सांगतो, कारण सगळा घोळ तिथेच आहे. दुकानात ती पांढऱ्या कागदाची पट्टी देतात ना, वास घ्यायला? तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही. कागदावर सगळंच छान लागतं. खरा वास कातडीवर कळतो. माणसाची ऊब, घाम, खाणंपिणं हे सगळं त्यात मिसळतं, आणि एकाच्या अंगावर लिंबासारखा मोकळा असलेला वास दुसऱ्याच्या अंगावर चक्क फिनेल होतो. म्हणून सकाळी मनगटावर मारायचं, जेवण झाल्यावर हुंगायचं, घरी निघताना परत हुंगायचं. एकाच मनगटावर नाही. माझ्या, आणि ऑफिसातल्या माझ्या दोन मित्रांच्या — सुहासच्या आणि अमितच्या. म्हणजे पद्धत तरी अशी.

सुहास भर उन्हात गाडीवरून घामाघूम होऊन येतो. त्याचं मनगट मी सरळ धरतो आणि नाकाला लावतो. तो ओरडतो, "अरे, लोक बघतायत!" मी सोडत नाही.

अमितला मी पट्टी देतो.

झालं. म्हटलं तर एवढंच आहे. पण एवढंच असतं तर मी तुम्हाला इथे बसवून घेतलं असतं का?

अमित विश्रांतवाडीहून येतो. कामात माझ्या दोन पावलं पुढे, बोलायला तिरकस, आणि मित्र म्हणाल तर सुहासपेक्षाही जवळचा. माझे वडील हॉस्पिटलात होते तेव्हा माझ्या आधी तो तिथे पोचला होता. एप्रिलमधल्या जयंतीला मी त्याच्या घरी जेवायला जातो. बुद्धाच्या तसबिरीखाली मांडी घालून बसतो आणि त्याच्या आईच्या हातची खीर दोनदा मागून घेतो. मागून! मग माझ्या मनात तसलं काही असेल कसं? आमच्या घरात असलं काही कधी नव्हतंच — हे वाक्य मी किती वेळा म्हटलंय. आता म्हणताना जीभ जड होते.

पट्टीचं कारण सुहासने एकदा विचारलं होतं. मी म्हणालो, "त्याच्या कातडीवर वास टिकत नाही रे. काहींचं असतं तसं." किती सहज म्हणालो! आणि सांगून सांगून माझाही त्यावर विश्वास बसला.

गेल्या वर्षी अमितला एक स्थळ सांगून आलं. पिंपरीला जायचं होतं मुलीकडे. फोटो बघूनच गडी गार झाला होता. अमित आणि लाजतोय, हे मी पहिल्यांदा पाहिलं. जायच्या दिवशी दुपारी कँटीनमध्ये तो माझ्यासमोर येऊन बसला. मीच त्याला पूर्वी सुचवलेलं एक परफ्यूम त्याने सकाळी लावलं होतं. चहाचा कप बाजूला सरकवून त्याने हात पुढे केला — माझ्या तोंडासमोर, मनगट वर करून. "तुझं नाक उसनं दे आज. हे चालेल ना?"

मी वाकलो. खरंच वाकलो — अर्धा. आणि मग टेबलावरचा माझा फोन उचलून बघितला. फोन वाजलाही नव्हता.

अमितने हात मागे घेतला. मी फोनमध्ये बघतच म्हणालो, "एक नंबर! डोळे मिटून हेच लाव. जरा जास्तच मार, संध्याकाळपर्यंत टिकेल."

त्याने पाहिलं होतं. मी वास घेतला नाही हे त्याने समोर बसून पाहिलं होतं. तरी तो तेच लावून गेला. का गेला? माझ्या शब्दावर? की आणखी एकदा हात पुढे करणं त्याला नको वाटलं? मला माहीत नाही. विचारलं नाही मी.

मुलीकडून निरोप येईना. आठवडा गेला, दुसराही गेला. अमितचं कामात लक्ष नव्हतं, डबा तसाच परत जायचा. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून सांगायचो, "अरे, सोड. त्यांचंच नुकसान आहे." केवढा मोठ्या मनाचा मित्र मी! शेवटी होकार आला. लग्न झालं. मी वरातीत नाचलोसुद्धा.

लग्नानंतर त्याने आम्हाला घरी जेवायला बोलावलं, मला, माझ्या बायकोला आणि सुहासला. त्याची बायको प्रज्ञा मोकळी आहे, मनात ठेवत नाही. गप्पा रंगल्या आणि ती मला म्हणाली, "भावजी, तुमच्यामुळे आमचं लग्न मोडत होतं, माहितेय? त्या दिवशी काय लावायला सांगितलंत याला! नुसता आंबूस वास. बाबांनी दोन्ही खिडक्या उघडल्या. माझं डोकं इतकं चढलं ना, म्हटलं एवढं फवारून आलेला माणूस लपवतोय तरी काय?" सगळे हसत सुटले. सुहास म्हणाला, "आणि ह्याच्या नाकाचे आम्ही पोवाडे गातो!" प्रज्ञाने हसत हसतच विचारलं, "पण वास घेतला होता ना तुम्ही?"

मी पाण्याचा पेला उचलला. अमित वाढत होता. माझ्या ताटात पुरी टाकत, नेहमीच्याच कोरड्या आवाजात तो म्हणाला, "घेतला होता की. लांबून."

सगळे पुन्हा हसले. सगळ्यांत मोठ्याने मी हसलो.

परत येताना गाडी मी चालवत होतो, बायको मागे बसून प्रज्ञाचं कौतुक करत होती, आणि सिग्नलला थांबलेलो असताना एकदम मला अमितचा ऑफिसातला पहिला दिवस आठवला. इतकी वर्षं तो दिवस कुठे गेला होता देव जाणे. नवा मुलगा आला, हात पुढे करून म्हणाला, "मी अमित." एवढंच. माझ्याकडे त्या दिवशी चंदनाची नवी बाटली होती. सुहासच्या मनगटावर मारली, त्याच्याही मारली. घरी निघताना त्याचा हात धरला आणि हुंगला — हो, नाक टेकवून हुंगला. सकाळचं चंदन जसंच्या तसं होतं, उलट मुरलेलं. माझ्यावर नाही, सुहासवर नाही, असं ते कोणावरच खुललं नव्हतं. त्या मनगटावर भाळून मी तीच बाटली आणखी एक घेतली.

म्हणजे टिकतो. त्याच्या कातडीवर वास टिकतो. आमच्या तिघांत सगळ्यांत जास्त टिकतो.

मग काय झालं? दुसऱ्या दिवशी त्याचं ओळखपत्र आलं, गळ्यात घातलं, आणि मी त्यावरचं आडनाव वाचलं. बस. बाकी काही झालं नाही. पुढची बाटली आली तेव्हा माझ्या हाताने त्याच्यासाठी पट्टी फाडली. मी ठरवलं होतं का? शप्पथ सांगतो, नाही. मग कोणी ठरवलं? दुकानातल्या अनोळखी सेल्समनचं मनगट मी बिनदिक्कत हुंगतो, त्याचं आडनाव मला माहीत नसतं. मी ज्याच्या घरची खीर मागून खातो त्याचं हुंगत नाही. हे कुठल्या हिशेबात बसतं? मी डोकं खाजवून खाजवून थकलो. मला माझंच कळत नाही.

पण न कळणं ही काही सबब नाही. तेव्हा सरळ सांगतो. आडनाव वाचलं आणि मी माझ्या मित्राच्या हाताजवळ नाक न्यायचं थांबवलं. वर त्याच्याच कातडीला नावं ठेवली. त्याने विश्वासाने हात पुढे केला तेव्हा फोन वाजल्याचं सोंग केलं, आणि माझ्या थापेपायी त्याचं लग्न मोडता मोडता राहिलं. हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं. माहीत असून तो मला वाढत होता.

मागच्या आठवड्यात नवी बाटली आणली. सुहासने सवयीने बाही वर केली. मी मनाशी ठरवून आलो होतो, आज अमितचा हात धरायचा. त्याच्याकडे वळलो. तोवर त्याने माझ्या टेबलाच्या खणातून पट्टी काढली होती, स्वतःच तिच्यावर फवारा मारला होता, आणि हलवून वाळवत होता. मग ती माझ्यासमोर धरून म्हणाला, "घे."

मी पट्टी घेतली, नाकाला लावली आणि छान आहे म्हणालो.