जाऊबाईंच्या गणितातल्या बायका

नव्वदच्या दशकात पेण-रोहा एस.टी.ने रोज जाणारा-येणारा एकही माणूस आमच्या मोठ्या जाऊबाईंच्या तावडीतून सुटला नसेल. त्या पेणला राहायच्या आणि रोह्याच्या एका शाळेत गणित शिकवायच्या. शेजारी कोणी बसलं की गडब यायच्या आत विचारायच्या, "गणितात बायका किती होऊन गेल्या, माहीत आहे?" समोरचा नाही म्हणाला की नागोठण्यापर्यंत त्याचं काही खरं नसे. फ्रान्समधल्या एका मुलीने पुरुषाच्या नावाने मोठमोठ्या गणितज्ञांना पत्रं लिहिली, एका रशियन मुलीने परदेशी शिकायला जाता यावं म्हणून नावापुरतं लग्न केलं, एका जर्मन बाईंना विद्यापीठाने कित्येक वर्षं बिनपगारी राबवलं, हे सगळं त्या सख्ख्या बहिणींची गाऱ्हाणी सांगावीत तसं सांगत. निडीची एक म्हातारी त्या रशियन लग्नात इतकी गुंगली की तिचा थांबा मागे गेला. उतरताना म्हणाली, "जाऊ दे गो बाय, पन त्या पोरीला फुडं नोकरी लागली का, तेवढं सांग."

हळदीकुंकवाला जाऊबाई वाण म्हणून कोनमापक वाटायच्या. एका दिवाळीत सासूबाई त्याच अर्धगोल मापाच्या करंज्या करत बसल्या, तर जाऊबाईंना कोण आनंद.

एका वर्षी शाळेच्या प्रदर्शनासाठी त्यांनी या तिन्ही गणिती बायकांचे मुखवटे करायला पेणजवळच्या जोह्याच्या एका गणपती कारखान्यात दिले. तिथे साचे गौरींचे. त्यामुळे तिघीही टपोऱ्या डोळ्यांच्या, नाकात नथ घातलेल्या निघाल्या. ते आणायला मीही गेले होते. मालकाची सून सुनंदा रंगाचे हात पुसत म्हणाली, "बाई, या तिघी लांबच्या. आपली कोन हाय यांत?"

"एका पंडिताच्या मुलीची गोष्ट आहे," जाऊबाई म्हणाल्या. "तिच्यासाठी वडिलांनी गणिताचा ग्रंथ लिहिला म्हणतात."

"व्हय, पन तिनं काय केलं?"

"ते कोणी लिहून ठेवलं नाही."

तेवढ्यात एका कारागिराने विचारलं, फुटाची मूर्ती दोन फुटांची करायची आहे, तर माती दुप्पट भिजवू का? सुनंदा मान वर न करता म्हणाली, "आठपट भिजव. उंची दुप्पट, तर रुंदी बी दुप्पट नि जाडी बी."

"हे तुला कोणी शिकवलं?" जाऊबाईंचा आवाज एकदम बदलला.

"सासूनं. तिला तिच्या सासूनं."

जाऊबाईंनी पर्समधून वही काढली आणि नावं विचारली. सासूचं नाव सुनंदाने सांगितलं. आजेसासूचं तिला ठाऊक नव्हतं. "सगळी आजीच म्हनायची तिला." जाऊबाईंनी ती ओळ कोरी सोडली.

मग त्यांनी हेडमास्तरांकडे सुनंदाला प्रदर्शनात बोलवायचा हट्ट धरला. मुखवटे पाहून "या गौरींपुढे ओवशाची सुपं कधी मांडायची?" असं आधीच थट्टेने विचारून झालेले हेडमास्तर म्हणाले, "बाई, तिचं शिक्षण चौथी."

"मग मलाही वगळा," जाऊबाई शांतपणे म्हणाल्या. "मला हे दहा ओळींच्या सिद्धतेशिवाय सांगता येत नाही."

सुनंदा आली. टेबलावर मातीचे छोटे चौकोनी ठोकळे रचून तिने मुलींना आठपट दाखवलं. मुली आधी संकोचल्या, मग ठोकळे स्वतःच रचायला लागल्या. जाऊबाई मागच्या बाकावर मुलींमध्ये बसून सगळं लिहून घेत होत्या. मुखवट्यांशेजारी त्यांनी सुनंदाच्या सासूच्या नावाचं कार्ड लावलं होतं. जाताना सुनंदा त्याच्यासमोर थांबली आणि म्हणाली, "बाई, ह्ये घरी नेऊ?"

ती गेल्यावर वर्ग रिकामा झाला. मदतीला आलेली मी खुर्च्या लावत होते. जाऊबाई खिडकीजवळ उभ्या होत्या.

"माझं एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष राहिलं गं," त्या म्हणाल्या. "लग्न ठरलं ना. तुला माहीत असेलच."

मला माहीत नव्हतं. बारा वर्षं आम्ही एका स्वयंपाकघरात वावरत होतो. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं.