दोर वळणारा

वऱ्हाड मध्यप्रांतात होतं तेव्हाची गोष्ट. अकोल्याच्या आमच्या मुलींच्या शाळेत ड्रिलच्या तासाला दोर चढणं नवीनच सुरू झालं होतं. कडुलिंबाच्या फांदीला जाड सुती दोर बांधायला जुन्या शहरातून एक म्हातारा आला. गाठ मारून तो आधी स्वतःच लोंबकळला, डोळे मिटून, जणू दोराचं काही ऐकत होता.

जिला चढता येणार नाही, तिला शिवणाच्या वर्गात बसवणार होते. मी अर्ध्यावर जाऊन थिजले. ड्रिलच्या बाई खालून ओरडल्या तसा दोर जास्तच हलायला लागला. म्हातारा घरी निघाला होता, तो परत फिरला. दोराचं खालचं टोक धरून हळूच म्हणाला, "काहून भेतं वं माय? म्या वळला हाये हा दोर. तुले सोडनार नाई तो."

दोर हलायचा थांबला. मी वर पोचले. दुपारच्या उन्हात दूरवर मोर्णेचं पाणी चमकत होतं आणि पलीकडची घरं त्यावर तरंगल्यासारखी वाटत होती. मी बघतच राहिले.

"उतर आता!" बाई म्हणाल्या.

"राहू द्या, बाई," तो म्हणाला, "पोरगी नदी पाहून राह्यली."

मी उतरले तोवर तो निघून गेला होता. नाव विचारायचं राहिलंच. घराबाहेरचा, माझ्या बाजूनं बोललेला तो पहिला माणूस.