मेलेल्या गाईच्या क्लिपा

कारखाने येण्याआधीच्या चाकणला गुरांच्या दवाखान्यात एक डॉक्टर होते. माणसांशी ते फारसे बोलत नसत. जनावराशी मात्र हात चालू असेतो पुटपुटत राहत. रानडुकराने फाडलेलं एका गाईचं पोट त्यांनी धातूच्या क्लिपा दाबून मिटवलं. गाय पहाटे मेली. डॉक्टर क्लिपा काढायला गोठ्यात आले, तेव्हा शेजारी म्हणून मी तिथेच होतो.

गाईची म्हातारी मालकीण म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, डाक्टर. दुखंल तिला."

"दवाखान्यात दुसऱ्या नाहीत, मावशी. तिकडे बैल ताटकळलाय."

म्हातारीने जखमेवर हात ठेवला. डॉक्टरांनी तो हलकेच बाजूला केला. एकेक क्लिप निघाली, तशी जखम पुन्हा उघडत गेली. शेवटी म्हातारीनेच आपलं जुनं लुगडं आणून तिच्यावर पांघरलं.