दात एकट्याचे नसतात

खामगावात आमच्या मावसाजींनी ज्याला कधी झापलं नाही, तो माणूस एक तर कालच गावात राहायला आला असेल, नाही तर अजून जन्मायचा असेल. माझ्या मावशीचे हे यजमान. नोकरी रेल्वेत, भुसावळला. तिथल्या क्लबात एक म्हातारा गोवेकर जुन्या पियानोवर जॅझ वाजवायचा. त्यातला स्विंग नावाचा झुलता, नाचरा प्रकार त्यानं यांच्या बोटांत भरला आणि स्वतः निवांत देवाघरी गेला. भोगतो आहोत आम्ही. निवृत्त होऊन मावसाजी खामगावला आले, बंद पडलेल्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या बंगल्यातला पियानो लिलावात घेतला, लग्नाच्या बँडपार्टीतले चार वादक गोळा केले आणि "आपल्याले स्विंग जिता ठेवाचा हाये" असं जाहीर केलं. जिता ठेवायला तो आमच्याकडे जन्मला कधी होता, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. मी शाळेत चित्रकला शिकवतो. मला ड्रमवर बसवलं, तेही न विचारताच.

पियानो बैठकीत असतो. कूलरच्या ओलीनं त्याचं लाकूड फुगतं, म्हणून भर मे महिन्यात, कावळासुद्धा सावली सोडत नाही अशा दुपारी, बैठकीतला कूलर बंद. घाम पुसायला मी जरा थांबलो की ओरडतात, "तुले हवा पाह्यजे का ताल पाह्यजे?" मला हवाच पाहिजे असते, पण मी काठ्या उचलतो आणि मनातल्या मनात त्यांना शिव्या घालतो. स्विंगमध्ये मात्रा सारख्या नसतात, एक लांब तर एक आखूड. बँडपार्टीवाल्यांना जन्मभर वरातीत सरळ ठोकायची सवय, त्यांना ते काही केल्या जमेना. एक दिवस मावसाजींनी मावशीला स्वयंपाकघरातून हाक मारली आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायला लावलं. तिचा डावा गुडघा दुखतो, त्यामुळे एक पाऊल लांब पडतं, एक आखूड. "पाहा बे, हा स्विंग," मावसाजी म्हणाले. सगळ्यांना तत्काळ समजलं. मावशी तिसऱ्या फेरीला थांबली, हातातलं उलथनं पियानोवर ठेवलं आणि आठ दिवस बहिणीकडे, म्हणजे आमच्या घरी, राहायला आली.

लोकांवरचा त्यांचा राग तर वेगळाच. जळगाव जामोदला एका स्वागतसमारंभात नवरदेवाचे वडील येऊन अदबीनं म्हणाले, "साहेब, जरा नाचता येईन असं वाजवा ना." बाहेरगावी पियानो नेता येत नाही म्हणून मावसाजी कीबोर्डवर वाजवतात, त्याला ते प्लास्टिकचा डबा म्हणतात. त्या डब्यावरून उठून ते म्हणाले, "हे नाचाचंच हाये. तुमच्या पायात नाही त्याले मी काय करू?" पाच मिनिटांत डीजे सुरू झाला आणि आम्ही उपाशी परत आलो. मी जीपमध्ये मावसाजींवर चिडलो होतो. पण खरं सांगतो, त्या वरबापावर त्याहून जास्त चिडलो होतो. एखाद्यानं अर्धं आयुष्य घालून एक गोष्ट जपावी आणि आपण तिला पंगत बसेपर्यंतची खरखर समजावी, याची मला भयंकर चीड येते.

बँडमध्ये मावसाजी मानतात असा माणूस एकच, ट्रम्पेटवाले चाचा. दिवसा सुतारकाम करतात. त्यांचा सूर लागला की मावसाजींचं ओरडणं थांबतं, म्हणून आम्हा सगळ्यांचाच त्यांच्यावर जीव. गेल्या हिवाळ्यात चाचा पंधरा दिवस फिरकले नाहीत, आणि आले ते कवळी लावून. ट्रम्पेट फुंकायचं तर समोरचे दात भक्कम लागतात, सगळा जोर त्यांच्यावर येतो. कवळी जोर आला की जागा सोडते. चाचांनी दोनदा फुंकून पाहिलं, नुसता वारा निघाला.

"मले न विचारता दात काढले?" मावसाजी ओरडले. "दात तुह्या एकट्याचे होते काय बे?"

"दुखत होते, भाऊ. सालभर दुखले."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

"सांगतलं असतं तं तुम्ही बँड बंद केला असता," चाचा म्हणाले.

यावर मावसाजी आणखी मोठ्यानं ओरडले.

इकडे वरवट बकालला एका निवृत्त हेडमास्तरांच्या सत्काराला वाजवायचं कबूल केलेलं. मी धावपळ करून अकोल्याचा एक ट्रम्पेटवाला आणला. छान वाजवत होता. मावसाजींनी त्याला चहा पाजला आणि दारापर्यंत पोचवत सांगितलं, "आमची ट्रम्पेटची खुर्ची भरेलच हाये." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणालो, "ट्रम्पेट नसलं तर हा बँडच नाही, असं तुम्हीच म्हणता ना? मग एका खुर्चीपायी सगळं बुडवता काय?" "बुडू दे," ते म्हणाले. तेवढे दोन शब्द बोलून त्यांनी पियानोचं झाकण लावलं. मला त्यांच्या ओरडण्याचा कधी आला नव्हता इतका त्या दोन शब्दांचा राग आला.

कार्यक्रमाच्या दुपारी पाहतो तर चाचा जीपमध्ये बसलेले, बँडचा लाल कोट घालून. मावसाजींनीच निरोप धाडला होता. मंडपात ते आपल्या खुर्चीवर बसले, कवळी खिशात, ट्रम्पेट मांडीवर. स्विंगमध्ये प्रत्येकाची पाळी येते; बाकीचे हळू साथ धरतात आणि एकजण मनाजोगं वाजवून घेतो. क्लॅरनेटची पाळी झाली. मग चाचांची आली. मावसाजींनी डाव्या हातानं साथ धरली आणि उजवा हात उचलून घेतला. चाचांनी ट्रम्पेट ओठांना लावलं, तिन्ही बटणांवर बोटं चालू लागली, आणि आवाज काहीच नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "मशीन बंद पडली काय?" लोक हसले. ड्रमची काठी त्याच्या टाळक्यात घालावी असं मला वाटलं. मावसाजींनी मानही वळवली नाही. इवल्याशा गोष्टीवरून घर डोक्यावर घेणारा हा माणूस, पाळी पुरी होईपर्यंत चाचांच्या बोटांकडे बघत साथ करत राहिला. चाचांनी ट्रम्पेट खाली घेतलं तेव्हाच मावसाजींचा उजवा हात पुन्हा पट्ट्यांवर आला.

परतताना जीपमध्ये, शेगाव यायच्या थोडं आधी मावसाजी म्हणाले, "दुसऱ्या आवर्तनात चुकला तू."

"हो भाऊ," चाचा म्हणाले, "एक बोट आगाऊ पडलं."

"उद्या सकाळी आठले ये. पक्कं करून घेऊ."

मी भांडायला तोंड उघडलं होतं. दात नाहीत, आवाज नाही, मग चूक कसली काढता, असं म्हणणार होतो. पण ड्रम वाजवताना मीही चाचांच्या बोटांकडेच बघत होतो, आणि दुसऱ्या आवर्तनात चाचा खरंच चुकले होते.