जेवणाच्या टेबलावरचे ॲस्टर

ड्रायव्हरकाकांनी बागबाईंना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा खरं तर त्यांना बाई दिसलीच नाही. स्टॉपवर एक बाग उभी होती. बस थांबली तशी ती बाग स्वतःच्या पायांनी चालत आली, दारात अडकली आणि कंडक्टरची टोपी पाडून आत शिरली. मग पानंच पानं! आरसा दिसेना, रस्ता दिसेना. पुढचे स्टॉप आपण निव्वळ वासावर घेतले, असं काका अजूनही शपथेवर सांगतात. मागच्या सीटवरच्या एका आजोबांना म्हणे आपण स्वर्गात पोहोचलो असं वाटलं आणि ते तिकीट दाखवायला उठले.

"ओ बाई, ही बस आहे, नर्सरी नाही!" काका ओरडले.

फांद्या बाजूला झाल्या आणि त्यातून एक घामेजलेला, संतापलेला चेहरा बाहेर आला. उतरताना मात्र बाईंनी एक पिवळं कार्नेशन काढून स्टिअरिंगशेजारी खोचलं. काका तिथल्या तिथे गार झाले. फूल सुकून पार चुरा झालं तरी त्यांनी ते हलवलं नाही. यथावकाश लग्न झालं.

बागबाईंचा धंदा म्हणजे लोकांची घरं ऋतूप्रमाणे फुलांनी सजवणं. इतर लोक ऋतू बदलला की पडदे बदलतात, बाई घराचं बोलणंच बदलायच्या. प्रत्येक फुलाला त्यांच्या लेखी अर्थ होता. दातांच्या डॉक्टरांकडे उन्हाळ्यात ग्लॅडिओलस, कारण ते धैर्याचं फूल आणि तिथे त्याची गरज. सतत भांडणाऱ्या एका जोडप्याच्या बैठकीत हिवाळाभर पांढरी शेवंती, म्हणजे खरं बोला. ते खरं बोलले आणि वेगळे झाले, पण त्यात शेवंतीचा काय दोष?

घरीही हाच कारभार. तोंडाने सांगायचं ते बाई फुलदाणीत घालून मोकळ्या व्हायच्या. काका त्या फुलदाणीला टेकवून वर्तमानपत्र उभं करायचे आणि जेवायचे. संसार असा अगदी सुरळीत चालला होता.

काका निवृत्त झाले त्या पानगळीत धाकटी मेहुणी राहायला आली. तिच्या गावी तिने फुलांच्या दुकानासाठी जागा घेतली होती, ताईला भागीदार म्हणून न्यायचं होतं. एका दुपारी बाई कामाला गेलेल्या असताना ती चहाचा कप काकांपुढे आदळत म्हणाली, "भाऊजी, कमाल आहे हो तुमची. ताई कायमची निघालीय आणि तुम्ही शब्दकोडं सोडवताय!"

"निघालीय? मला कुठे बोलली?"

"आठवडा झाला ओरडून सांगतेय की. हे काय आहे समोर?"

"फुलं."

"जांभळे ॲस्टर आहेत. ॲस्टर म्हणजे निरोप. तुम्ही 'राहा' म्हणालात तर ती राहील. पण तुम्ही त्यावर चष्मा वाळत घातलाय."

काकांनी चष्मा उचलला. मग त्यांना एकदम आठवलं. "आणि बसमधलं ते पिवळं कार्नेशन?"

"तुच्छ लेखणं. म्हणजे तुमची लायकी काढली होती तिने."

"मग लग्न कसं केलं माझ्याशी?"

"एवढा अपमान कुणी इतके दिवस जपून ठेवत नाही, म्हणाली. माणूस बरा असणार."

काकांनी तिथेच बैठक मारून शिकवणी लावली. वाहतुकीच्या खुणा पाठ असलेल्या माणसाला हे काय अवघड! "सूर्यफूल म्हणजे निष्ठा. म्हणजे लेन सोडू नये. आणि वेल म्हणजे साथ, ती दोरी लावून ओढलेल्या गाडीसारखी. बरोबर?"

"भाऊजी, असलं काही ताईसमोर बोलू नका."

काका फुलवाल्याकडे गेले. सूर्यफुलं मूठभरच उरली होती. एवढ्याने काय होणार, या धास्तीने त्यांनी दुकानात दिसेल ते उचललं. रिक्षावाल्याने आत बघून विचारलं, "काका, लग्न की मयत?" काका म्हणाले, "ते संध्याकाळी कळेल."

फुलदाण्या भरल्या, मग तांबे, बरण्या, कुकर, शेवटी बादली.

बाई आल्या. चप्पल काढता काढता थबकल्या आणि खोलीमागून खोली वाचत सुटल्या. दारात सूर्यफुलं, ठीक. टेबलावर झेंडू, म्हणजे मत्सर. "कुणाचा मत्सर?" कुकरमध्ये पिवळा गुलाब, म्हणजे मैत्री. "या वयात?" बाथरूममध्ये बादलीभर पांढऱ्या लिली बघून त्या किंचाळल्याच. "अहो! इथे कोण वारलंय?"

काका पॅसेजमध्ये उभे होते, मिशीला पराग, शर्टाला पाणी. तासभर घोकलेलं सगळं डोक्यातून साफ उडालं होतं.

"अगं, जाऊ नकोस," ते म्हणाले. "मला करमणार नाही."

बाई बादलीच्या काठावर टेकल्या. म्हणाल्या, "हे तुम्हाला तोंडाने सांगता येत होतं?"

"तुला येत होतं का?"

स्वयंपाकघरातून मेहुणी ओरडली, "मी बाहेर जाऊन येते! बोला काय ते. आणि कुकर मोकळा करा, मला भात लावायचाय."

त्या संध्याकाळी दोघं पुष्कळ बोलले. बाईंना दुकान मनापासून हवं होतं, लोकांच्या घरचे जिने चढून त्यांचे गुडघे गेले होते, आणि काकांनी कधी विचारलं नव्हतं म्हणून त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. काका ऐकत राहिले. मध्येच म्हणाले, "मग मला इथे कशाला ठेवतेस? तुमच्या दुकानाला गाडी लागेल ना?"

बाई गेल्या. आवराआवर करून काकाही गेले. आता ते दुकानाची व्हॅन चालवतात आणि पार्किंगवरून बायकोशी रोज तोंडाने भांडतात. दुकान बरं चालतं. सगळ्यात जास्त खप प्लॅस्टिकच्या फुलांचा आहे.