कँडीच्या वळणावर उतरले तेव्हा

पाचोऱ्याच्या फलाटावर मला सोडायला भाऊ, वहिनी आणि भाची प्रगती असे तिघं आले होते. मुंबईपर्यंत रेल्वे आणि तिथून कोलंबोचं विमान. धुळ्यात बत्तीस वर्षं परिचारिकेची नोकरी करून निवृत्त झाले होते. लग्न केलं नाही, त्यामुळे विचारायला कोणी नव्हतं आणि अडवायलाही. तरी भावाच्या तोंडून निघालंच, "एकली कशी जाशी तू?"

"विमान मी चालवणार नाहीये, भाऊ," मी म्हटलं.

तो हसला नाही. प्रगतीकडे बघत म्हणाला, "तू सुखरूप परत ये. मग हिचं बघू."

हिचं म्हणजे प्रगतीच्या जर्मनीचं. पोरगी नर्सिंग शिकलेली, वर्षभर मोबाइलवर जर्मन भाषा घोकत होती. तिकडच्या एका रुग्णालयाने तिला बोलावलं होतं. होकार-नकार भावाच्या हाती होता आणि त्याने तो माझ्या प्रवासाला बांधून ठेवला होता. गाडी हलली तेव्हा प्रगतीने हात हलवला, पण तिचा चेहरा परीक्षेच्या दिवशीचा होता.

श्रीलंकाच का, असं बऱ्याच जणांनी विचारलं. खरं उत्तर असं की लहानपणी वडील केळीच्या बागेत पाणी भरताना बांधावर रेडिओ ठेवून सिलोन लावायचे. खरखर फार, गाणं थोडं. ते गाव कुठे असतं, असं मी विचारायची. "समुद्रात," ते म्हणायचे. समुद्रात गाव कसं वसतं हे मला कितीतरी दिवस कळलं नव्हतं.

कोलंबोत दोन दिवस छान गेले. उतरल्या उतरल्या लोकांनी हात जोडून 'आयुबोवन' (दीर्घायुषी व्हा) म्हणत स्वागत केलं. सकाळी तांदळाच्या पिठाची वाटीसारखी 'आप्प' आणि नारळाची तिखट 'पोल संबोल' (खोबऱ्याची लाल चटणी) खाल्ली. डोळ्यांत पाणी आलं आणि बरं वाटलं. आमच्या ठेच्याच्या जवळ जाणारं काहीतरी सापडलं होतं. कँडीच्या गाडीत मात्र फजिती झाली. फेरीवाला "वडे, वडे" ओरडत आला. आपलाच वडा समजून मी घेतला, तर वर अख्खी कोळंबी मिशा ताठ करून बसलेली. मी शाकाहारी. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी ती अलगद उचलून आपल्या वड्यावर ठेवली आणि उरलेला मला परत दिला. डबाभर लोक हसले. मीही हसले, आणि तो वडा मात्र खिडकीबाहेरच्या डोंगरांकडे बघत तसाच हातात धरून बसले.

कँडीला दुपारी दोनला पोचले. माझी खोली तळ्यापलीकडच्या टेकडीवर होती. स्टेशनबाहेर रिक्षा केली. चालक पन्नाशीचा, सभ्य दिसणारा. मोडक्या इंग्रजीत त्याने विचारलं, नवरा कुठे आहे? मी सरळ सांगितलं, नाही, एकटीच आहे.

हे उत्तर मी पुन्हा कधी देणार नाही.

तळं डावीकडे दिसलं आणि मागे पडलं. मोबाइलवरचा नकाशा सांगत होता की आम्ही उलट जातोय. मी म्हटलं, "रस्ता चुकला." तो म्हणाला, आधी मित्राची मसाल्याची बाग दाखवतो, तिथे मालिशही करतात. मी नको म्हटलं. वस्ती विरळ होत गेली, दोन्ही बाजूंनी झाडी आली. आरशातून तो माझ्याकडे बघत होता. मग एक हात मागे आला आणि माझ्या गुडघ्यावर टेकला.

खरं सांगायचं तर पहिले काही क्षण मी काहीच केलं नाही. वॉर्डात दारू पिऊन आलेल्या माणसांना एका शब्दात गप्प करणारी मी, दगडासारखी बसून राहिले. मला एकदम एसटी आठवली. गावाहून पाचोऱ्याला कॉलेजला जायचे तेव्हा रोज एक माणूस मागे येऊन उभा राहायचा. मी दोन वर्षं तोंड उघडलं नाही. माझी मैत्रीण शोभा हिने तिच्याशी असंच झाल्यावर घरी सांगितलं होतं. आठवड्यात तिचं कॉलेज सुटलं आणि उन्हाळ्यात लग्न झालं. वर्गात माझ्यापेक्षा हुशार होती ती.

मग माझ्या तोंडून निघालं ते ना इंग्रजी, ना शाळेतलं मराठी. "थांबाड! आत्तेच थांबाड!" तो इतका दचकला की वळणावरच ब्रेक दाबला. मी पिशवी घेऊन उडी टाकली.

वळणावर केळ्यांची टपरी होती. चाळिशीतली एक बाई कोयत्याने घडाच्या फण्या वेगळ्या करत होती. रिक्षावाला उतरून माझ्यामागे आला, हसत काहीतरी समजावू लागला. बाईने माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि उठून आमच्या मधे येऊन उभी राहिली. कोयता तिने खाली ठेवला नाही. ती त्याच्याशी तीन-चारच वाक्यं बोलली, तीही हळू आवाजात. तो गेला.

"बय वेन्न एपा, अक्के," ती मला म्हणाली. (घाबरू नका, अक्का.)

वाक्याचा अर्थ मला नंतर कळला. 'अक्का' तेवढं तेव्हाच कळलं. आमच्या गावात मला सगळे अक्काच म्हणतात. मी तिच्या खोक्यावर बसून रडले.

मालिनी तिचं नाव. तिने मला एक नारिंगी शहाळं फोडून दिलं. घडाच्या दांड्यातून चीक ठिबकत होता, आणि त्या वासाने मी सरळ गिरणाकाठच्या आमच्या बागेत जाऊन बसले: कापणीचा दिवस, ट्रकमध्ये पाल्याची गादी, त्यावर लोळणारे आम्ही भाऊबहीण, आणि फ्रॉकवरचे चिकाचे काळे डाग बघून डोक्याला हात लावणारी आई. ती बाग आता राहिली नाही, आईवडीलही नाहीत. खुणांनी मी मालिनीला सांगितलं, आमच्याकडेही हेच. तिला कळलं. आपल्या हातावरचा डाग तिने माझ्यापुढे धरला.

मग तिने घडांवर ओलं पोतं टाकलं, टपरी तशीच सोडली आणि माझ्याबरोबर बसमध्ये चढली. मला खिडकीकडे बसवून स्वतः बाहेरच्या बाजूला बसली. माझ्या खोलीच्या दारापर्यंत आली, मालकीणबाईंशी बोलली, आणि पाणीही न पिता परत गेली.

पुढे सहा दिवस होते. परतीचं तिकीट बदलावं असं त्या संध्याकाळी वाटलं. सकाळी वाटलं नाही. चहाचे मळे पाहिले, समुद्रही पाहिला. कोणी विचारलं की सांगायची, नवरा खोलीवर आहे, पोट बिघडलंय. कधी नव्हे तो नवरा मिळाला आणि बिचारा सहा दिवस आजारी.

परतीच्या विमानात एकच विचार होता. घरी सांगायचं का? गप्प राहिले तर प्रगती सुटेल. पण तिला तिकडे कोणी असं भेटलं, तर तीही घरी गप्पच राहील. मी राहिले होते तशी.

गावी अंगणात खुर्च्या टाकल्या होत्या. आधी कोळंबीची गोष्ट सांगितली, सगळे हसले. मग रिक्षाची सांगितली, आणि मग एसटीचीही, चाळीस वर्षांनी. प्रगती जमिनीकडे बघत होती. भावाने खुर्ची मागे सरकवली. मग म्हणाला, "पाहा, मी म्हनत व्हतू ना."

वहिनी सहसा त्याच्यापुढे बोलत नाही. ती सुपातले दाणे निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "आठे काय येगळं शे? एसटीमा आम्हनासंगे काय कमी व्हयनं? पोरगीले घरमा बठाडीसन काय व्हई?" (इथे काय वेगळं आहे? एसटीत आमच्याबाबतीत काय कमी झालं? मुलीला घरात बसवून काय होणार?)

भावाने तिच्याकडे पाहिलं. तिच्या बोलण्यातलं 'आम्हनासंगे' त्याला उशिरा पोचलं असावं. तो चप्पल घालून शेताकडे निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धुळ्याला निघाले. भाऊ पिशवी उचलून बसथांब्यापर्यंत आला. बस दिसली तेव्हा रस्त्याकडे बघतच त्याने विचारलं, "अक्का, इमानमा खिडकीनी जागा आगाऊ सांगनी पडस का?" (विमानात खिडकीची जागा आधी सांगावी लागते का?)

"हो," मी म्हटलं. "आधी सांगितली तर मिळते."