माहेरची चाल

"पाय उचल! अगं, पाय उचल की! ते पाय हायेत का पाटा-वरवंटा?"

सर ओरडत होते आपल्या बायकोवर, तेही मैदानाच्या दुसऱ्या टोकावरून आणि मागे न बघता. आवाज असा की सकाळी फिरायला आलेले आम्ही सगळेच पाय उचलायचो. एकदा तर कडेला चरणारी म्हैसही एक पाय वर धरून उभी राहिली. खोटं वाटत असेल तर म्हशीला विचारा.

सर आमच्या गल्लीतले. जीवशास्त्राचे. कॉलेजातून निवृत्त झाले आणि हार सुकायच्या आत क्लासमध्ये शिकवायला उभे राहिले. तेव्हा लातुरात क्लासचं पीक असं फोफावलं होतं की एका खोलीत क्लास, दुसरीत मेस आणि जिन्याखाली होस्टेल. माझं झेरॉक्सचं दुकान सरांच्या नोट्सवर चालायचं. मशीन इतकं तापायचं की मी त्यावर चहा उकळून घ्यायचो.

सत्तरी ओलांडलेल्या या माणसाची चाल काय सांगू! सर घरातून निघाले की चप्पल त्यांना अर्ध्या वाटेत गाठायची. त्यांचे वडील म्हणे म्हातारपणी उमरीच्या रस्त्याला लागले की एसटीच त्यांना हात दाखवायची, थांबा म्हणून. ही एसटीची थाप सरांची, माझी नाही.

"चाल रक्तातून येते," सर म्हणायचे. "म्हातारपणी कोण पळणार अन् कोण घसटणार, ते थोडंफार आईबापांनी आधीच लिहून ठेवलेलं असतं."

क्लासात 'थोडंफार' या शब्दावर ते जोर द्यायचे. आणि पुढचा धडा तर असा रंगवायचे की मागच्या बाकावरची झोपलेली पोरंही टाळ्या देत. "लोहाराचा दंड घणानं कमावलेला असतो. पोराला तो जन्मतः मिळत नाही! उंदरांची शेपटी कापा, पिल्लांना शेपटी येणारच! ध्यानात ठेवा, कमावलेलं उतरत नाही." अर्ध्या मराठवाड्याच्या डॉक्टरांनी हे वाक्य सरांकडून पाठ केलं असेल.

काकू मात्र मागे पडत चालल्या होत्या. आधी दहा पावलं, मग अर्धं मैदान. पुढे पुढे त्या कंपाउंडच्या भिंतीला हात लावून चालायला लागल्या. दुखत काही नव्हतं. पाय जड येतात, एवढंच म्हणायच्या. हातातली कपबशीही दोनदा सुटली होती.

सरांनी त्यांना एक दिवस भिंत धरून येताना पाहिलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला, जणू झाडावर नवीन जातीचं फूल सापडलं. "बघा! हुबेहूब सासूबाई! हीच ती माहेरची चाल!"

त्यांच्या सासूबाई आम्ही सगळ्यांनीच पाहिल्या होत्या. भूकंपात गाव पडलं, तेव्हा सर त्यांना किल्लारीच्या बाजूच्या गावाहून लातूरला घेऊन आले. त्या शेवटपर्यंत इथेच राहिल्या. भिंत धरून, एकेक पाऊल ओढत अंगणात यायच्या.

मग काय, मैदानावर सासुरवाडीचे विनोद सुरू झाले. नुसता हसलो असतो तर एक वेळ चाललं असतं, पण माझी जीभ कुठली राहते! "सरांच्या सासुरवाडीत गोगलगाईला टांगा म्हणतात," असं मी काकूंच्या देखत सांगितलं. सर डोळ्यांत पाणी येईतो हसले. काकूही हसल्या. भिंतीवरचा हात न काढता.

एका सकाळी काकू दुधाच्या पिशव्यांसकट दारात कोसळल्या. हाड मोडलं नाही, पण पाय उचलेनाच. माझ्या जीपमधून आम्ही त्यांना नांदेडला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी फोटो काढले, गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली आणि सांगितलं, मानेतले मणके आतली नस दाबून राहिलेत. ऑपरेशनने पुढचं नुकसान थांबेल. गेलेलं परत येईलच असं नाही. "इतके दिवस लक्षात नाही आलं कुणाच्या?"

"आम्हाला वाटलं घराण्याचंच आहे," सर म्हणाले. "हिच्या आईची चाल अशीच होती."

"त्यांना काय झालं होतं?"

"काही नाही, भूकंपात मांडीवर तुळई पडली अन्..."

सर तिथेच थांबले. तोंड उघडंच. उंदराची शेपटी, लोहाराचा दंड, सगळं त्या उघड्या तोंडात अडकलेलं मला दिसलं. मी फोटोकडे बघत राहिलो. त्यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं.

ऑपरेशननंतर काकूंचे थोरले भाऊ भेटायला आले. ऐंशीच्या पुढचे. मुलगा रिक्षा ठरवत होता, तोवर हे स्टँडवरून चालत घरी पोचले आणि रिक्षा मागून आली. यात तिळाइतकीही भर घातलेली नाही. मी ओट्यावरच होतो.

"मामा, तुमची आई कशी चालायची?" सरांनी पाणी देण्याआधीच विचारलं.

"आमची आय? वावटळ व्हती! शेतात भाकरी घेऊन यायची तर कालवण गरम असायचं. तुमाला म्हाईत न्हाई?"

कसं माहीत असणार? त्यांच्या गावात सासू जावयापुढे येत नसे. सर सासुरवाडीला गेले की चहा दाराआडून यायचा. दिसायचा हात, ऐकू यायच्या बांगड्या. भूकंपाने घरच पाडलं, तेव्हा कुठे सरांना सासू चालताना दिसली.

त्यानंतर सर मैदानावर आले नाहीत. आम्ही फिरतो, पण कुणी कुणाला पाय उचल म्हणत नाही.

परवा संध्याकाळी दुकानासमोर दोघं दिसले. काकू चाकाच्या खुर्चीत, सर मागून ढकलत. इतके हळू की आधी मी त्यांना ओळखलंच नाही. खड्ड्याशी चाक अडलं म्हणून मी हात लावायला गेलो. सर खाली वाकून काकूंना विचारत होते, बहुतेक रोजच विचारत असावेत.

"तुला तर माहीत होतं ना, आई कशी चालायची? मला एकदा सांगायचं होतंस."

काकू समोर रस्त्याकडे बघत म्हणाल्या, "सांगत होते. तुम्ही पुढं गेलेले असायचा."